धुक्याचे जाळे

रापण, म्हणजे मासे धरायचे मोठे जाळे, ओढायला अर्धी वाडी लागते. पाखरांच्या अभ्यासासाठी लावतात ते जाळे मात्र दोन काठ्यांमध्ये नुसते उभे असते, आणि नीट लावले तर दिसतसुद्धा नाही. जपानात त्याला कासुमी-आमी म्हणत, म्हणजे धुक्याचे जाळे. तिथले पारधी त्याने पाखरे धरून खात. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांच्या हाती आले आणि पोटासाठीचे जाळे अभ्यासाचे झाले.

बारीक काळ्या धाग्याचे हे जाळे साधारण अडीच मीटर उंच. आडव्या दोऱ्यांमधला भाग मुद्दाम सैल सोडतात. पाखरू धडकते, घसरते आणि त्या झोळीत पडून राहते. ताणलेल्या जाळ्यावरून ते आपटून परत उडेल; सगळी करामत सैलपणात आहे. गोव्यातल्या चोडण बेटासारख्या खारफुटीत आधी भरतीची वेळ बघावी लागते. सकाळी उघड्या चिखलावर लावलेल्या जाळ्याची खालची झोळी थोड्या वेळाने मांडवी नदीच्या पाण्यात असू शकते, आणि तीत पाखरू असेल तर ते बुडालेच. दुसरा शत्रू म्हणजे हुमले, तांबड्या मुंग्या. दोरीवरून ते अडकलेल्या जिवापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी फेरी. ऊन चढले, वारा सुटला, सर आली की जाळे बंद. पाखरू ज्या बाजूने घुसले त्याच बाजूने सोडवायचे. धरताना मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळव्यात. छाती दाबायची नाही, कारण पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, नसते. छातीचे हाड हलले तरच हवा आत जाते. नवशिका ‘निसटेल’ म्हणून मूठ आवळतो आणि तिथेच चुकतो. मग सुती पिशवी. अंधारात पाखरू गप्प बसते आणि त्याचे वजनही पिशवीतच होते.

पाखरू पुन्हा ओळखता यावे म्हणून पायात आकड्यांचे कडे घालण्याची पद्धत डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांवर सुरू केली. आपल्याकडे सालिम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले. अमेरिकेत सहा लाखांहून अधिक वेळा पकडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ०.२३ टक्के निघाले.

पण सगळेच मरण जाळ्यापाशी दिसत नाही. फार धडपडलेल्या, घाबरलेल्या प्राण्याचे स्नायू आतून कुजू लागतात, त्यांतले द्रव्य रक्तात उतरते, मूत्रपिंडे निकामी होतात. हरणांना आणि लांब पायांच्या पाणपक्ष्यांना याचा धोका जास्त. सोडताना भेकर टुणकन पळते, आपण खूश होतो. ते चार दिवसांनी रानात मरून पडते. म्हणून डोळ्यांवर पट्टी, आवाज नाही, पाठलाग तर मुळीच नाही. गव्यासारख्या जनावराला भुलीची सुई मारायची तर जनावरांचा डॉक्टर, भूल उतरवणारे औषध आणि गारवा या तिन्हींची तयारी हवी.

किडे खाणाऱ्या वटवाघळाला प्रतिध्वनीतून जाळे ‘ऐकू’ येते. त्यांच्यासाठी उभ्या तंगुसाच्या (नायलॉनच्या दोऱ्याच्या) दोन ओळींची चौकट वापरतात. पहिली ओळ ते तिरके होऊन पार करते, दुसरीत फसते आणि खालच्या पिशवीत घरंगळते. पोटाला पिल्लू चिकटलेली मादी आधी सोडायची.

उंदीर-चिचुंद्र्यांसाठी ॲल्युमिनियमची पेटी, आत खोबऱ्याचा तुकडा नाहीतर सुकी सुंगटे (कोळंबी), आणि ऊब म्हणून थोडा कापूस. सकाळी उशीर केला की उन्हात त्या पेटीचा तवा होतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाची लागण दिसली आहे. तो गोचिडांतून पसरतो आणि गोचिडी या लहान प्राण्यांच्या अंगावर असतात. हातमोजे त्या चिचुंद्रीपेक्षा आपल्यासाठी.

हे सगळे वाचून कोणी कुळागरात (सुपारीच्या बागेत) फासकी लावायला जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पकडणे हीसुद्धा शिकारच. संशोधनासाठीही आधी परवाना लागतो. वाघासाठी तर आता पकडायची गरजच कमी झाली आहे. गोव्यातल्या म्हादईच्या रानात झाडाला बांधलेला कॅमेरा त्याचे पट्टे टिपतो, आणि दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात.

जाळ्याचे शेवटचे काम जेवणाआधीचे. झोळ्या काठीपाशी गोळा करून, गुंडाळून, नाडीने आवळून बांधायच्या आणि एकदा चालत जाऊन हात फिरवून बघायचे. रात्रीतून एक झोळी सुटली, तर घुबडाला ती दिसत नाही.