फाळका, लटी, गुंडी: सूत मोजायचं कसं ठरलं

चरखा सगळ्यांना माहितीये, पण पेटीचरख्यात सूत गुंडाळून मोजायचा जो लाकडी फाळका असतो त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर वाटतं खादीचा सगळा हिशोब त्या फाळक्यावरच उभा होता. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, कातलेलं सूत चातीवर, म्हणजे चरख्याच्या फिरत्या सळईवर, जमतं, त्याची कुकडी, म्हणजे गुंडाळलेला गठ्ठा, होते, पण कुकडी कितीही निरखून बघा, सूत किती लांब आहे ते कळत नाही. मग ते फाळक्यावर उतरवायचं. फाळक्याचा घेर 4 फूट, एक फेरा झाला की एक तार. 160 तारा झाल्या की एक लटी आणि 4 लटींची, म्हणजे 640 तारांची, एक गुंडी. गज नको, टेप नको, नुसते फेरे मोजत बसायचं. प्रत्येक लटी झाली की दोऱ्याने वेगळी बांधायची, म्हणजे गुंता होत नाही आणि मोजताना चुकलं तरी तेवढीच लटी परत मोजली की काम भागतं, अख्खी गुंडी उलगडावी लागत नाही.

640 तारा म्हणजे 2560 फूट, साधारण 853 यार्ड. मिलमधला हँक, म्हणजे तिथली सुताची लड, 840 यार्डांचा. तिथे रीळ 54 इंच घेराचं, त्याचे 80 फेरे म्हणजे 120 यार्ड, त्याला ली म्हणतात, अशा 7 ली. एका पौंडात असे जितके हँक बसतील तितका सुताचा नंबर, म्हणजे बारीकपणा, म्हणजे 20 नंबरचं सूत असेल तर पौंडात 20 हँक. गुंडी जवळपास तेवढीच असल्यामुळे घरी कातलेल्या सुताचाही नंबर नुसत्या वजनावरून काढता यायचा, हे मला फार भारी वाटतं. मुंबईच्या मिलांत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत मुख्यतः बायकाच असायच्या, आणि हातमागाच्या घरांतही रहाट फिरवून कांड्या, म्हणजे विणायच्या सुताच्या नळ्या, भरायचं काम बहुतेक बायका-पोरांकडेच, पण नाव मात्र विणणाऱ्याचं होतं.

मग हे माप एकदम राजकारणात आलं. डिसेंबर 1924 च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसच्या सभासदत्वासाठी महिन्याला 2000 यार्ड सूत द्यायचं ठरलं. फाळक्यावर मोजलं तर 1500 तारा, म्हणजे दोन गुंड्या, वर एक लटी आणि 60 तारा, दर महिन्याला! हे फार दिवस चाललं नाही, 1925 मध्ये पाटण्याला चार आणे किंवा वर्षाला 2000 यार्ड असा पर्याय आला, आणि त्याच वेळी खादीचं काम बघणारा चरखा संघ स्थापन झाला. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं तेव्हाही अट लांबीचीच होती: 8 तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघायला हवं. म्हणजे 4000 तारा, सव्वासहा गुंड्या. किर्लोस्करांनीही त्यासाठी चरखा बनवला होता, पण ते बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

गांधीजींच्या अस्थिविसर्जनाचा दिवस 12 फेब्रुवारी, त्या दिवशी आपण स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची, विनोबांची ही सूतांजली. पैसे नाहीत, हार नाही, 640 तारा. पुढे मेट्रिक मापं आली आणि खादीतली गुंडी 1000 मीटरची झाली, कातणाऱ्या बाईची मजुरी आजही गुंडीवरच ठरते.