पाळी आली की मुलीची उंची थांबते?

"पाळी सुरू झाली की मुलीची उंची संपली, त्याआधीच काय ती वाढवून घ्या" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, खाली बहुतेक वेळा एखादी पावडर पण असते.

असं वाटणं साहजिक आहे कारण वाढीचा सगळ्यात जोराचा काळ पाळीच्या आधीच होऊन गेलेला असतो, मग वेग कमी होतो. पण कमी होणं म्हणजे थांबणं नाही, साधारण 5 ते 7 सेंमी उंची त्यानंतरही वाढते, दोनेक वर्षांत हळूहळू, कुणाची कमी कुणाची जास्त.

होतं काय, तर लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाची) पट्टी असते, तिथल्या पेशी वाढतात, फुगतात, पक्व होतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. इस्ट्रोजेन, म्हणजे वयात येताना वाढणारं हार्मोन, सुरुवातीला थोडं असतं तेव्हा ग्रोथ हार्मोन (वाढीचं हार्मोन) वाढवून उंचीला जोर देतं, नंतर त्याची पातळी वाढून तशीच टिकली की या पेशींची विभागायची ताकद लवकर संपते आणि पट्टीचं हाड होतं. एका दिवसात नाही, काही वर्षांत.

मुलग्यांमध्येही पट्टीचं हाड करतं ते हेच इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून बनलेलं. 1994 मध्ये एका पुरुषाची केस छापून आली, त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता, वय 28, उंची 204 सेंमी आणि पट्ट्या अजून उघड्याच, म्हणजे हाड न झालेल्या!

तपासायचं तर दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकवून उंची लिहून ठेवा. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञ डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झालीत ते, सांगतात. पाळी 8 वर्षांच्या आसपासच आली असेल तर मात्र लगेच दाखवा, तिथे उंची खरंच कमी राहू शकते.