शेतकी प्रसारण (मुंबई)

शेती, हवामान, बाजारभाव आणि गावगाड्याशी निगडित माहिती रेडिओ व दूरचित्रवाणीवरून शेतकऱ्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवण्याचा व्यवसाय. शेतकी पत्रकारितेची ही बोलती शाखा होय. मुंबई शहरात शेती नावालाच उरली आहे. तरी मराठी शेतकी प्रसारणाचे सर्वांत जुने धागे याच शहराशी जुळतात.

छापील पूर्वपीठिका पाहायची तर ती १९ व्या शतकात सापडते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत आणले. शेतकरी व कामगार यांची गाऱ्हाणी एकाच पत्रात येण्यामागचे कारण उघड होते : गिरणीतला कामगार हा बहुधा कोकणातून किंवा घाटावरून आलेला शेतकऱ्याचाच मुलगा असे. मुकुंदराव पाटील यांचे ‘दीनमित्र’ (१९१०) पुढे खेड्यातूनच निघू लागले. शेतकी पत्रकारितेचा आरंभ ‘दीनबंधु’पासून धरावा की ‘दीनमित्र’पासून, हा प्रश्न येथे बाजूला ठेवला आहे. विषयाने पहिले आधीचे ठरते, जागेने दुसरे.

प्रसारणाचा आरंभ मात्र अधिक वादाचा आहे. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने केंद्र ताब्यात घेतले. कंपनीच्या काळात शेतकरी हा श्रोता म्हणून कोणाच्या खिजगणतीत नव्हता. परवाना आणि संच दोन्ही परवडणारी शहरी घरे हाच तिचा आधार होता.

ग्रामीण प्रसारणाचा पहिला भारतीय प्रयोग म्हणून बहुतेक ग्रंथ १९३५ मधील पेशावर व त्याच वर्षीचे अलाहाबादजवळील नैनी येथील कृषिसंस्थेचे केंद्र यांची नावे घेतात. काही जण १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झालेल्या दिल्ली केंद्रापासून मोजतात. त्याआधी, १९३३ च्या सुमारास, मुंबई केंद्रावरून भिवंडी परिसरातील गावांसाठी इंडियन व्हिलेज वेल्फेअर असोसिएशनच्या पुढाकाराने कार्यक्रम झाल्याचे उल्लेख प्रसारणाच्या इतिहासांत आढळतात. हा प्रयोग छोटा होता व फार टिकला नाही, म्हणून तो मोजू नये असे म्हणता येईल. परंतु एक तांत्रिक गोष्ट त्याच्या बाजूने बोलते. १९२७ च्या मुंबई प्रक्षेपकाची शक्ती १.५ किलोवॅट होती आणि खात्रीलायक श्रवणाचा पल्ला सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किमी. धरला जाई. त्या वर्तुळात पूर्वेला खाडी ओलांडून खरीखुरी भातशेतीची गावे जेथे लागतात, तो भाग भिवंडीचाच. शहराच्या केंद्राने शेतकऱ्याशी बोलायचे ठरवले तर सुरुवात तेथूनच होणार होती. प्रस्तुत नोंदीत भिवंडीचा प्रयोग हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पेशावर व दिल्ली हे त्याचे सुसंघटित रूप.

प्रक्षेपणाच्या पल्ल्याचा हा मुद्दा पुढेही महत्त्वाचा राहिला. मुंबईच्या मराठी कार्यक्रमांची ‘अस्मिता’ वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे सुमारे ५३८ मी. तरंगलांबीच्या मध्यम लहरींवर ऐकू येते. दिवसा या लहरी जमिनीला धरून प्रवास करतात आणि जमीन जितकी सुवाहक तितक्या दूर पोचतात. खारे पाणी सुक्या खडकाळ जमिनीपेक्षा हजारो पटींनी अधिक सुवाहक असते. त्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या आणि खाजणांवरून मुंबईचा आवाज दक्षिणेकडे सहज उतरतो. त्याच अंतरावरचे घाटमाथ्याचे गाव मात्र सह्याद्रीच्या कातळामागे पडते. सूर्यास्तानंतर वातावरणातील, दिवसा या लहरी शोषून घेणारा ‘डी’ थर विरतो, आकाशमार्गे परावर्तित झालेल्या दूरच्या केंद्रांच्या लहरी मिसळू लागतात आणि खरखर वाढते. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम परंपरेने संध्याकाळी, गुरे गोठ्यात बांधून माणूस टेकतो त्या वेळी लावले जातात. म्हणजे ज्या घटकेला श्रोता मोकळा होतो, त्याच घटकेला आवाज बिघडू लागतो. ठासून, सावकाश आणि महत्त्वाचा आकडा दोनदा सांगण्याची शेतकी निवेदकांची लकब यातून पुष्कळशी समजते.

संघटित प्रयोग तत्कालीन मुंबई राज्यातच, पण पुण्यास झाला. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ‘रेडिओ शेतकी मंडळे’ बसवण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचे असे २० कार्यक्रम झाले. गावातील निवडक मंडळी एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि शंका केंद्राकडे पाठवत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे सूत्र कॅनडातील शेतकी मंडळांकडून घेतले होते. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. माथूर व न्यूरथ यांच्या १९५९ च्या अहवालातील निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे : मंडळे असलेल्या गावांत माहिती लक्षणीय वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी वाढली नाही. ऐकण्याइतकेच ऐकल्यावरचे बोलणे मोलाचे, हे यातून आकड्यांनी सिद्ध झाले. पुढे देशभर विस्तार झाला तेव्हा मंडळांची संख्या वाढली, पण श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची ती तत्परता सर्वत्र राहिली नाही.

आकाशवाणीने १९६६ पासून निवडक केंद्रांवर शेती व गृह विभाग सुरू केले आणि शेतकी प्रसारकाला नोकरीचा रीतसर मार्ग मिळाला. फार्म रेडिओ ऑफिसर आणि फार्म रेडिओ रिपोर्टर अशी पदे निर्माण झाली व त्यांसाठी कृषी पदवीधर पुढे आले. कॉलेजातून कृषिखात्यात जाणारा मुलगा आकाशवाणीत गेला म्हणजे घरच्यांना कोडे पडे : हा साहेब झाला की गाणारा? खांद्यावर ऊहेर टेपरेकॉर्डर अडकवून एस.टी.ने गाव गाठायचे, बांधावर बसून ध्वनिमुद्रण करायचे, परत येऊन ब्लेडने फीत कापून चिकटपट्टीने जोडायची आणि संध्याकाळी ती लावायची, असा दिवस असे. पिकाच्या हंगामात या घरांत सणवार बुडत. उलट, मिरगाच्या तोंडावर गावाकडून येणारा पाहुणा पाऊस कधी ते या घरातल्या माणसाला आधी विचारी. शेतकरी कुटुंबाची पार्श्वभूमी ही पात्रतेच्या अटींत लिहिलेली नसली तरी कामात ती पदवीइतकीच उपयोगी पडे.

याचे कारण भाषा. मुंबई केंद्राच्या परिघात ठाणे-रायगडची भातशेती येते. तेथे रोपवाटिकेची जमीन भाजून तयार केली की तो ‘राब’, उपटलेल्या रोपाला ‘आवण’, आणि लावणीला ‘आवणी’. घाटावरच्या शब्दांत हेच सांगितले तर श्रोता कान काढून घेतो. मापांचेही तसेच. समजा, शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र अशी आहे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून हेक्टरी २१७ किलो युरिया. एकरी सुमारे ८८ किलो. गुंठ्याला सव्वादोन किलोला थोडे कमी. कोकणातल्या खाचराचा धनी गुंठ्यातच बोलतो, म्हणून त्याला शेवटचाच आकडा हवा आणि तोही तीन हप्त्यांत वाटून. जुन्या निवेदनात ‘एकरी पावणेदोन गोण्या’ एवढे पुरत असे. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली आणि हे तोंडात बसलेले वाक्य चुकीचे ठरले. औषधाच्या बाबतीत ‘लिटरला अमुक मिली’ असे म्हणून थांबणे हा कच्च्या निवेदकाचा दोष. पक्का निवेदक ‘पंधरा लिटरच्या पंपाला’ सांगतो. या बारकाव्यांकडे प्रसारणाच्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, ही मोठी उणीव आहे. कारण शेतकऱ्याचे पैसे वाचले किंवा बुडाले ते येथेच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’ हा त्याचा शेतकी कार्यक्रम. पुण्याचे सहप्रक्षेपण १९७३ मध्ये सिंहगडावरून सुरू होईपर्यंत दूरदर्शन दिसे ते मुख्यतः मुंबई आणि भोवतालीच. त्यामुळे शेतीचे पहिले चित्र ज्यांनी पाहिले त्यांत चाळीतल्या एकुलत्या संचासमोर दाटीने बसलेली, गावी जमीन आणि मुंबईत नोकरी असलेली माणसे पुष्कळ होती. या कार्यक्रमातील शिवाजी फुलसुंदर यांचा ‘गप्पागोष्टी’ हा भाग, राजा मयेकर व माया गुजर यांच्या भूमिकांमुळे, शेतीशी संबंध नसलेल्या घरांतही आवडीने पाहिला जाई. रचना पारावरच्या गप्पांची : एक जाणता, एक शंकेखोर, एखादी वहिनी. शंकेखोराने ‘ते खरं रं, पण परवडतं का?’ असे विचारले की जाणत्याला हिशेब मांडावाच लागतो. पुण्याच्या मंडळांत खरे श्रोते जे करत तेच येथे नट करत होते. हा आकृतिबंध रेडिओवरील श्रुतिकांतून आला असावा.

बाजारभावांचे प्रसारण शहराच्या घाऊक बाजारांशी जोडलेले होते; ते बाजार भायखळा-क्रॉफर्ड मार्केट भागातून वाशीला गेल्यावर भावांच्या निवेदनातही ‘वाशी’ हे नाव आले. हवामानाचा मजकूर कुलाब्याच्या प्रादेशिक केंद्राकडून येतो. हवामान खात्याची शेतकऱ्यांसाठीची स्वतंत्र वार्तापत्रे १९४५ पासूनची आहेत.

अलीकडच्या काळात आकाशवाणीची ‘किसानवाणी’ (२००४), मराठीतील कृषी दैनिक ‘ॲग्रोवन’ (२००५) आणि दूरदर्शनची ‘किसान’ वाहिनी (२०१५) ही माध्यमे आली. ‘किसान’ वाहिनी मुख्यतः हिंदीत आहे. किसान कॉल सेंटरवर (२००४) मात्र शेतकरी मराठीत विचारतो आणि त्याला मराठीतच उत्तर मिळते. प्रश्न तेथे आधी येतो, निवेदन नंतर.