होप, विश आणि एक्स्पेक्ट: शब्दार्थाच्या वहीने घातलेला घोळ

होप म्हणजे आशा, विश म्हणजे इच्छा, एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा. आपल्याकडे शाळेतल्या शब्दार्थाच्या वहीत हे तीन शब्द असेच एकाखाली एक लिहून घेतले जातात. पुढे पोरं तालुका सोडून लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला शिकायला जातात, तरी ती वही काही डोक्यातून जात नाही. मग नोकरीच्या अर्जात ‘आय विश आय विल गेट धिस जॉब’ येतं. आजारी मित्राला व्हॉट्सॲपवर ‘आय विश यू विल बी फाइन’ जातं. लिहिणाऱ्याचा जीव त्यात असतो, पण वाक्य चुकलेलं असतं. ही चूक इतक्या शिकलेल्या लोकांच्या हातून होताना पाहिली आहे की एकदा नीट लिहिणं भाग आहे.

होप तुम्हाला येतं. गोष्ट अजून व्हायची आहे, किंवा झाली की नाही ते कळलेलं नाही, आणि ती आपल्या मनासारखी व्हावी असं वाटतं. मृग निघालाय, ढग भरून आलेत: ‘आय होप इट रेन्स.’ निकाल लागायचाय: ‘आय होप आय पास्ड.’ पुढचं बोलताना साधा वर्तमानकाळ पुरतो, ‘विल’ घातलं तरी बिघडत नाही. होपचं एवढंच.

खरा घोळ विशचा आहे. होप म्हणजे सौम्य इच्छा आणि विश म्हणजे जोराची इच्छा, असं कित्येक क्लासमध्ये सांगतात. हे साफ चूक आहे. इच्छा किती जोराची, याच्याशी या फरकाचा काडीचा संबंध नाही. गोष्ट अजून घडू शकते की हातची गेलेली आहे, एवढंच इंग्रजी इथे विचारतं.

एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने गाडीबद्दल म्हणायचं, ‘आय होप द ट्रेन कम्स टुडे.’ गाडी येऊ शकते, म्हणून होप. तोच माणूस धरणाबद्दल म्हणेल, ‘आय विश देअर वॉज वॉटर इन द डॅम.’ धरणात पाणी नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. आणि आदल्या पावसाळ्याबद्दल, ‘आय विश इट हॅड रेन्ड लास्ट इयर.’ पडला नाही, आता त्याला इलाज नाही. तहान तिन्ही वाक्यांत तेवढीच आहे. बदललं ते क्रियापदाचं रूप.

इथेच पोरं अडखळतात. ‘आय विश वुइ हॅड अ वेल’ वाचलं की ‘हॅड’ पाहून म्हणतात, म्हणजे पूर्वी विहीर होती. नाही! विहीर कधीच नव्हती, आजही नाही. तो भूतकाळ वेळ दाखवत नाही, ‘हे खरं नाही’ एवढंच दाखवतो. जे आत्ता नाही त्यासाठी क्रियापद एक पायरी मागे न्यायचं: हॅव्हचं हॅड, इजचं वॉज किंवा वेअर, कॅनचं कुड. जे मागे घडायचं राहून गेलं त्यासाठी आणखी एक पायरी मागे: हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

यात परकं काही नाही, कारण आपण रोज हेच बोलतो. घरात लग्न आहे आणि आई म्हणते, ‘आज बा असता तर!’ तिथे ‘असता’ ऐकून कुणी काळ विचारत बसत नाही, बा नाही हे सगळ्यांना कळतं. ‘पाऊस पडला असता तर सोयाबीन वाचलं असतं’ हेही तसंच. मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात आणि शाळेत तो शिकवतातही, पण इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण कुणी करून देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जिथे तोंडात ‘असता तर बरं झालं असतं’ येतं, तिथे विश. जिथे ‘होऊ दे’, ‘येऊ दे’ येतं, तिथे होप.

विशनंतर ‘वुड’ कधी? यासाठीही मराठीच धरा. आपण म्हणतो पाऊस उघडेना, पोरगं ऐकेना, गाडी चालू होईना. समोरचा हट्टाला पेटल्यासारखा वागतो आणि आपण वैतागलेलो असतो. हा ‘-ईना’, ‘-एना’ आला की इंग्रजीत विशनंतर ‘वुड’ बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडकडे नद्या शेतात घुसल्या, तेव्हाचं वाक्य ‘आय विश इट वुड स्टॉप’. स्वतःबद्दल मात्र ‘आय विश आय वुड’ म्हणत नाहीत, तिथे ‘कुड’.

म्हणून आजारी मित्राला ‘आय होप यू गेट वेल सून’ लिहा. ‘आय विश यू वुड गेट वेल’ लिहिलंत तर तो मुद्दाम बरा होत नाही असा वास येतो. वाढदिवसाचं ‘आय विश यू अ हॅपी बर्थडे’ बरोबर आहे, कारण तिथे विशपुढे पूर्ण वाक्य नाही, नुसत्या शुभेच्छा आहेत. बहुतेकांची चूक याच पाठ वाक्यापासून सुरू होते. ‘आय विश टू अप्लाय’ही व्याकरणाने बरोबर, पण फार दरबारी वाटतं. मी सरळ ‘आय वुड लाइक टू अप्लाय’ लिहायला सांगतो.

एक्स्पेक्टची अडचण वेगळी आहे. आपल्या ‘अपेक्षा’त इच्छा असते. लग्नाच्या बायोडेटात शेवटी ‘अपेक्षा’ लिहितो त्या कसल्या, तर आपल्याला काय हवं त्याच्या. इंग्रजी एक्स्पेक्टला इच्छा लागत नाही, आधार लागतो. जून २०१५ मध्ये हवामान खात्याने देशात सरासरीच्या ८८ टक्के पाऊस सांगितला आणि प्रत्यक्षात ८६ टक्के पडला. तो कमी पाऊस खात्याने एक्स्पेक्ट केला होता, पण व्हावा असं कुणालाच वाटत नव्हतं. मराठीत ‘दुष्काळाची अपेक्षा आहे’ कुणी म्हणणार नाही, ‘अंदाज आहे’ म्हणेल. इंग्रजीत ‘वुइ एक्स्पेक्ट अ ड्रॉट’ अगदी सरळ वाक्य आहे.

माणसाकडून एक्स्पेक्ट केलं की त्याला हुकमाचा सूर येतो. साहेबांना ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय’ लिहिणं म्हणजे उत्तर द्यायला बजावणं. अर्जात ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू’ लिहावं. ‘लुक फॉरवर्ड टू’ आवडत असेल तर पुढे ‘हिअरिंग’, ‘हिअर’ नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. ‘आय वाँट हिम टू कम’ आणि ‘आय एक्स्पेक्ट हिम टू कम’ चालतं, ‘आय होप हिम टू कम’ चालत नाही, ‘आय होप ही कम्स’ म्हणा. आणि नको असलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं, की यंदाही टँकर लागणार का, तर ‘आय डोन्ट होप सो’ नव्हे, ‘आय होप नॉट’.