स्थलांतर आणि संगीतरचना

संगीतकार दुसऱ्या देशात स्थायिक झाल्यावर किंवा तेथे दीर्घकाळ राहिल्यावर त्यांच्या रचनांत दिसणारे बदल. जर्मनीत जन्मलेले हँडल (१६८५–१७५९) लंडनमध्ये इटालियन ऑपेऱ्याकडून इंग्रजी ऑरेटोरिओकडे (अभिनयाविना गायिल्या जाणाऱ्या, बहुधा धार्मिक विषयावरील संगीतरचनेकडे) वळले, हे जुने उदाहरण. १९३३ नंतर नाझी राजवटीमुळे मध्य यूरोपातील अनेक संगीतकारांना देश सोडावा लागला. या विषयाचा अभ्यास मुख्यतः त्यांच्या निमित्ताने वाढला. नव्या भूमीच्या सुरावटी रचनेत उतरतात, ही सर्वसाधारण समजूत. परंतु हाताशी असलेले वादक, आश्रयदाते आणि श्रोते यांचा परिणाम बहुधा आधी जाणवतो.

चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक (१८४१–१९०४) हे न्यूयॉर्कच्या नॅशनल कंझर्वेटरी या संगीतविद्यालयाचे संचालक म्हणून १८९२ ते १८९५ या काळात अमेरिकेत होते. त्यांची नववी सिंफनी (‘नव्या जगातून’) १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. तिच्या लार्गो या संथ भागाची सुरावट कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतावरून घेतली, असे अनेकदा लिहिले जाते. कंझर्वेटरीतील विद्यार्थी हॅरी बर्ली त्यांना अशी गीते गाऊन दाखवीत, हे खरे. मात्र मूळ म्हणून दाखवले जाणारे ‘गोइन होम’ हे गीत विल्यम आर्म्स फिशर या द्वोर्झाक यांच्याच विद्यार्थ्याने त्या सुरावटीवर शब्द बसवून १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. पंचस्वरी वळणे द्वोर्झाक यांच्या अमेरिकापूर्व रचनांतही सापडतात. तेव्हा सुरावट त्यांचीच आणि तिचा ढंग ऐकीव गीतांचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतातील ठळक उदाहरण वॉल्टर कॉफमन (१९०७–८४) यांचे. बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आले. येथील संगीत आपल्याला प्रथम अनाकलनीय वाटले, असे त्यांनीच नमूद केले आहे. आल्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापली. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांच्यासारखे मोजके वादक सोबत होते. या काळात त्यांनी चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठीच्या रचना) विपुल लिहिले, ते काही अंशी यामुळेच असावे.

आकाशवाणीची संकेतधून ही कॉफमन यांची सर्वाधिक ऐकली गेलेली रचना. तिचे श्रेय काही जण ठाकूर बलवंतसिंग यांना, तर काही जण ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांना देतात. कालनिश्चितीतही अडचण आहे. धून साधारणतः १९३६ ची मानली जाते, तर कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले ते बहुधा १९३७ मध्ये. तेव्हा नेमणुकीपूर्वीच त्यांच्याकडून ती करून घेतली असण्याचा संभव आहे. शैलीच्या अंगाने पाहता त्यांचाच पक्ष बळकट ठरतो. तानपुऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर येणारे स्वर शिवरंजनीचे (सा, रे, कोमल ग, प, ध) म्हटले जातात. पण रागविस्तार असा नाही, त्यामुळे धून ‘शिवरंजनीत आहे’ असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल. रागाचे स्वर घेऊन ते पाश्चात्त्य आकृतिबंधात बसवण्याची रीत कॉफमन यांच्या इतर रचनांतही आढळते. व्हायोलिन मेहतांचे, असे परंपरेने सांगतात. १९४६ मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. पुढे विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक आणि इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ चा.

फोल्ड्स (१८८०–१९३९) यांच्याबाबत क्रम उलटा आहे. ‘अवतार’ हा संस्कृत विषयावरील ऑपेरा आणि त्यातून उरलेले ‘थ्री मंत्राज’ ही कामे ते १९३५ मध्ये भारतात येण्यापूर्वीची. पुढे दिल्ली केंद्रावर त्यांनी देशी वादकांचा वृंद उभारला. १९३९ मध्ये कलकत्त्यास कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. हार्मोनियमवर टीका करणारा त्यांचा लेख १९३८ चा. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली.

१९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यातून मुंबईस आलेले वादकही याच सदरात येतात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारखे अरेंजर (संगीत संयोजक) हिंदी चित्रपटगीतांना वाद्यवृंद आणि हार्मनीची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाची) जोड देत. तबकड्यांवर त्यांची नावे सहसा नसत, त्यामुळे एखाद्या गाण्यातील त्यांचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. गोन्साल्विस यांनी रागांवर आधारलेले सिंफनी वाद्यवृंदाचे प्रयोगही केले.