अतिरिक्त भाषा म्हणून इंग्रजी : वर्गसाहित्याची निवड

घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या, पण शाळेत सगळे विषय इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाने पुस्तके, चित्रे, तक्ते, कार्डे यांतून केलेली निवड. ‘अतिरिक्त भाषा म्हणून इंग्रजी’ ही संज्ञा मुख्यतः इंग्लंडमधील शाळांत रूढ आहे. तेथील सरकारी शाळांतली सुमारे २० टक्के मुले या गटात येतात. त्यांत पंजाबी, उर्दू, पोलिश, बंगाली, रुमानियन अशा अनेक भाषा बोलणारी मुले आहेत. नोकरीनिमित्त लंडन किंवा त्याजवळच्या स्लाव (Slough) या शहरात गेलेल्या मराठी कुटुंबांतलीही आहेत.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत इंग्रजी हा वेळापत्रकातला एक विषय असतो आणि त्याचे पाठ्यपुस्तक असते. इंग्लंडमध्ये या मुलांसाठी तसा वेगळा विषय नाही. विज्ञान, इतिहास, गणित शिकता शिकताच त्यांनी इंग्रजीही शिकायचे असते. त्यामुळे साहित्य निवडताना ‘इंग्रजीचे चांगले पुस्तक कोणते?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. आजचा धडा या मुलाला कळावा आणि त्याबद्दल त्याला बोलता-लिहिता यावे यासाठी काय हाताशी हवे, हे पाहावे लागते.

ही दृष्टी सहजासहजी आलेली नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत स्थलांतरितांची मुले अनेक ठिकाणी स्वतंत्र भाषाकेंद्रांत पाठवली जात आणि साहित्यही त्या केंद्रांसाठीच तयार होई. अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या लॉर्ड स्वान यांच्या सरकारी समितीने १९८५ मध्ये मुलांना मुख्य वर्गातच शिकवावे अशी शिफारस केली. पाठोपाठ १९८६ मध्ये ब्रिटनच्या वांशिक समता आयोगाने यॉर्कशायरमधील कॅल्डरडेलची वेगळ्या केंद्रांची पद्धत अप्रत्यक्ष भेदभावाची ठरवली. मुले मुख्य वर्गात आली, पण सवय मात्र पुरती गेली नाही. नव्याने आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कोपऱ्यात बसवून चार वर्षांच्या मुलांचे चित्रांचे पुस्तक रंगवायला देणे अजूनही घडते. निवडीतली सगळ्यात मोठी चूक हीच. त्या मुलाला इंग्रजी कमी येते. त्याची समज कमी नसते. साहित्याने भाषेचा भार हलका करायचा, विचाराचा नाही.

चौथीच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात पदार्थाच्या अवस्था आणि जलचक्र शिकवतात. तिथे नवख्या मुलासाठी आधी नावे दिलेली आकृती लागते, मग टप्पे क्रमाने लावायची कार्डे आणि त्यानंतर सबस्टिट्यूशन टेबल, म्हणजे रकान्यांतले तुकडे जोडून वाक्ये बनवायचा तक्ता. इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी अशा तक्त्यांचे पुस्तक १९१६ मध्येच काढले होते. साधन जुने असले तरी आजही तितकेच उपयोगी आहे. पहिल्या रकान्यात ‘द वॉटर’ आणि ‘द वेपर’, दुसऱ्यात ‘इव्हॅपोरेट्स’ (पाण्याची वाफ होते) आणि ‘कन्डेन्सेस’ (वाफेचे पाणी होते), तिसऱ्यात ‘व्हेन इट इज हीटेड’ आणि ‘व्हेन इट इज कूल्ड’. ‘पाणी तापल्यावर त्याची वाफ होते’ असा विचार करणाऱ्या मुलाचे क्रियापद शेवटी येते आणि ‘द’ त्याच्या भाषेत नसतेच. हा तक्ता दोन्ही गोष्टी नियम न सांगता त्याच्या अंगवळणी पाडतो. शिवाय ‘द वॉटर कन्डेन्सेस’ हे व्याकरणाने बरोबर, पण विज्ञानाने चूक असे वाक्यही त्यातून तयार होऊ शकते, म्हणून मुलाला डोके चालवावेच लागते. तक्ता निवडताना किंवा स्वतः बनवताना ही शक्यता राहील असे पाहावे. कसेही जोडले तरी बरोबरच येणारा तक्ता म्हणजे नुसते नकलून काढणे.

घरची भाषा हेही साहित्यच आहे. मूल आधी घरच्या भाषेत विचार करून, लिहून मग इंग्रजीकडे वळले तर आशय पक्का होतो. घरी फक्त इंग्रजीच बोला, हा पालकांना दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. लंडनच्या मंत्र लिंग्वासारखे प्रकाशक द्वैभाषिक पुस्तके काढतात. प्रथम बुक्स या भारतीय प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून कथा मोफत मिळतात. अनेक कथा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत, त्यामुळे परदेशातल्या शिक्षकाचेही काम सोपे होते. लिपी देवनागरी म्हणून मराठी मुलाच्या हाती हिंदी पुस्तक देऊन मात्र भागत नाही.

भाषांतराच्या ॲपवर तयार केलेल्या कार्यपत्रिकांबाबत अधिक सावध राहावे. पुण्याच्या सेमी-इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाने विज्ञान इंग्रजीतूनच शिकलेले असू शकते. त्याला ‘बाष्पीभवन’ छापून दिले तर ओळखीच्या इंग्रजी शब्दाच्या जागी अनोळखी शब्द येतो. मूल आधी कोणत्या माध्यमात आणि कितवीपर्यंत शिकले, हे पालकांना विचारल्याशिवाय घरच्या भाषेतले साहित्य निवडू नये.

वाचनाच्या पुस्तकांत ध्वनी-अक्षर पद्धतीची (फोनिक्स), म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचायला शिकवणारी पुस्तके सर्वत्र आहेत. २०१२ पासून पहिलीच्या मुलांची याच पद्धतीची ४० शब्दांची चाचणी होते; त्यांतले २० शब्द मुद्दाम अर्थहीन असतात. इंग्रजी नवीन असलेल्या मुलाला उरलेले २० शब्दही निरर्थकच वाटू शकतात. देवनागरी वाचणारे मूल अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ चटकन पकडते, घडाघडा वाचते आणि सगळ्यांचा समज होतो की याला येते. अशा पुस्तकांच्या जोडीला मोठ्याने वाचून दाखवायची, चित्रांवर बोलायला लावणारी गोष्टींची पुस्तके हवीतच.

मुलाची पातळी ठरवण्यासाठी केंब्रिजच्या बेल फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने २०१७ मध्ये तयार केलेला आराखडा बऱ्याच शाळा वापरतात. त्यात श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन वेगवेगळे पाहिले जाते. हे महत्त्वाचे आहे, कारण चारही एका वेगाने वाढत नाहीत. कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार बोलचालीची भाषा सुमारे दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. शाळेला या मुलांसाठी मिळणारा जादा निधी मात्र मूल शाळेत आल्यापासून तीनच वर्षे मोजला जातो. परिणामी कपाटे नवख्यांच्या चित्रकार्डांनी भरलेली असतात आणि पाचव्या वर्षाच्या मुलासाठी फारसे काही नसते. मैदानावर अस्खलित इंग्रजी बोलणारा हा मुलगा इतिहासाच्या उत्तरात ‘बिकॉज’ आणि ‘सो’च्या पुढे जात नाही. कारण आणि परिणाम जोडणारे शब्द, नमुना उत्तर आणि त्याची कशी बांधणी केली आहे हे दाखवणाऱ्या खुणा, असे साहित्य त्याला हवे असते. आणि ते बहुतेक वेळा शिक्षकाला स्वतःच तयार करावे लागते.