सुरतेची थडगी, पॅरिसची बाग आणि ‘डार्क टूरिझम’

जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन मराठी वाचकाला ठाऊक असतो. १६६९मध्ये तो सुरतेतच वारला. तो आणि त्याच्या आधी गेलेला भाऊ क्रिस्टोफर यांच्यावर उभारलेली घुमटाची भव्य कबर आजही तिथे आहे. जुन्या दफनभूमी पाहायला जाणं आज अनेकांना विचित्र वाटतं; त्याला ‘डार्क टूरिझम’, म्हणजे मृत्यूशी जोडलेल्या जागांचं पर्यटन, म्हटलं जातं. पण या प्रथेच्या इतिहासात सुरतेच्या या जागेचं स्थान फार थोड्यांना माहीत असतं.

१६८०च्या दशकात जॉन व्हॅनब्रू नावाचा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. पुढे तो इंग्लंडचा नामांकित वास्तुरचनाकार झाला. १७११मध्ये लंडनला नवी चर्च बांधायचं ठरलं, तेव्हा त्याने सुचवलं की मृतांना चर्चच्या आवारात दाटीवाटीने पुरू नये. गावाबाहेर, झाडांच्या सावलीत, देखण्या स्मारकांसह जागा द्यावी. दाखला दिला तो सुरतेच्या इंग्रजांचा. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

पॅरिसला मात्र दुर्गंधीने ऐकायला लावलं. शहराच्या मध्यावरची ‘इनोसां’ दफनभूमी शतकानुशतकं भरत राहिली आणि १७८०मध्ये शेजारच्या तळघराची भिंत प्रेतांच्या भाराने कोसळली. दफनभूमी बंद झाली, हाडं जुन्या खाणींच्या भुयारांत हलवली गेली. ती भुयारं १८०९पासून लोकांना पाहायला खुली आहेत.

१८०४मध्ये शहराबाहेरच्या टेकडीवर पेर लाशेझ ही नवी दफनभूमी सुरू झाली. इतक्या लांब कुणी येईना. मग १८१७मध्ये नाटककार मोलिएर आणि कवी ला फाँतेन यांचे मानले जाणारे अवशेष, शिवाय मध्ययुगातले प्रेमिक आबेलार आणि एलुईझ यांच्या अस्थी तिथे आणल्या गेल्या. मोठ्यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून श्रीमंत पुढे सरसावले, आणि पर्यटकही आले. म्हणजे प्रसिद्ध मृतांची ओढ लावून माणसं आणण्याची युक्ती दोनशे वर्षांची आहे, आणि ती खुद्द शहराच्या कारभाऱ्यांची.

हाच नमुना अमेरिकेत माउंट ऑबर्न (१८३१) आणि ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड (१८३८) या दफनभूमींनी उचलला. तिथे सार्वजनिक उद्यानं जवळपास नव्हतीच. कुटुंबं गाड्या जोडून यायची, फिरायची. न्यूयॉर्कला सेंट्रल पार्क हवं असं म्हणणाऱ्यांनी या गर्दीकडेच बोट दाखवलं. त्या काळी थडग्यांमधून फिरणं सुसंस्कृतपणाचं लक्षण होतं.

संकोच पुढे शिरला. विसाव्या शतकात मृत्यू घरातून इस्पितळात गेला, आणि उद्यानं झाल्यावर फिरायला दफनभूमीची गरज उरली नाही. लंडनची हायगेट, जिथे कार्ल मार्क्स आहे, झाडोऱ्यात बुडाली; १९७५मध्ये नागरिकांनी संस्था काढून ती सावरायला घेतली.

‘डार्क टूरिझम’ हा शब्द जॉन लेनन आणि माल्कम फोली या अभ्यासकांनी १९९६मध्ये रूढ केला. आउशविट्झसारखी संहाराची ठिकाणंही त्यात येतात आणि पेर लाशेझही. मला ही एकत्र मोट अन्यायाची वाटते. आउशविट्झ कुणी पाहुण्यांसाठी बांधलं नव्हतं. पेर लाशेझ माणसं यावीत म्हणूनच सजवली गेली.

आक्षेपाला जागा आहे ती वागण्यात. पेर लाशेझमधल्या रॉक गायक जिम मॉरिसनच्या थडग्याभोवती चाहत्यांनी शेजारच्या कबरी रंगवून खराब केल्या. तिथल्याच लेखक ऑस्कर वाइल्डच्या स्मारकावर लिपस्टिकचे ओठ उमटवायची टूम निघाली. ते डाग धुताना दगड झिजू लागला. शेवटी २०११मध्ये त्याभोवती काचेची भिंत उभारावी लागली.